फॉर्म २० आणि मतदानाचा आकडा जुळत नाही : कुठे, काय आणि कसं तपासायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : नोव्हेंबर २०२४ च्या महाराष्ट्र विधानसभेला तुमचा उमेदवार अकराशेच्या आसपास मतांनी पडला. मतदानाच्या दिवशी संध्याकाळी पाचची टक्केवारी एक होती, रात्रीची दुसरी आणि मोजलेल्या मतांची बेरीज तिसरीच निघाली. आता साडेतीनशे ओळींचा फॉर्म २०, म्हणजे केंद्रनिहाय मोजलेल्या मतांचं निकालपत्रक, तुम्ही उतरवून घेतलाय. यात गडबड आहे की नाही हे कसं ओळखायचं आणि पुढच्या निवडणुकीत काय करायचं, असं तुम्ही विचारताय.

तुम्ही तीन आकडे शेजारी ठेवलेत. पण ते तीन वेगळ्या ठिकाणांहून, तीन वेगळ्या कामांसाठी आलेले आहेत. ते एकमेकांशी जुळणार नाहीतच, आणि जुळले नाहीत म्हणून काही सिद्धही होत नाही. निकाल तपासताना अर्थ असलेली तुलना एकच आहे : एकाच मतदान केंद्राचा फॉर्म १७-सी, म्हणजे मतदान संपल्यावर केंद्राध्यक्षाने लिहिलेला यंत्रातल्या मतांचा हिशेब, आणि त्याच केंद्राची फॉर्म २० मधली ओळ. म्हणून तुम्हाला माझा पहिला प्रश्न हा की तुमच्या पोलिंग एजंटांनी मतदानाच्या दिवशी १७-सीच्या किती प्रती आणल्या? साडेतीनशेपैकी तीनशे असतील तर तुम्ही मतदारसंघाबद्दल ठामपणे बोलू शकता. चाळीसच असतील तर त्या चाळीस केंद्रांपुरतंच बोला. पुढचं सगळं यावर अवलंबून आहे.

आधी टक्केवारीचा गुंता सोडवू, कारण बहुतेकांची शंका तिथेच सुरू होते. २० नोव्हेंबरला पाच वाजता राज्याचा आकडा ५८.२२ टक्के होता आणि अंतिम ६६.०५ टक्के झाला. सुमारे ९ कोटी ७० लाख मतदारांत हा फरक ७६ लाखांच्या आसपास येतो. तो वाचून धक्का बसणं स्वाभाविक आहे. पण पाचचा आकडा कोणत्याही सहीच्या कागदावरून येत नाही. २०२४ मध्ये केंद्राध्यक्ष दर दोन तासांनी झालेलं मतदान सांगत, क्षेत्रीय अधिकारी फोनवरून ते गोळा करत आणि वर कळवत. काही केंद्रांचा आकडा उशिरा यायचा, काहींचा अंदाजानेच भरला जायचा. मतदान संध्याकाळी सहापर्यंत असतं आणि सहाला रांगेत असलेल्या प्रत्येकाला मत देता येतं. त्या रांगेत शेवटच्या माणसापासून पुढे क्रमांकाच्या चिठ्ठ्या वाटत येतात. अंतिम आकडा मात्र केंद्राध्यक्ष साहित्य घेऊन संकलन केंद्रावर पोचल्यानंतर, कागदावरून भरला जायचा.

आता थोडा हिशेब करा. राज्यात एक लाखाच्या वर मतदान केंद्रं होती. ७६ लाख भागिले एक लाख म्हणजे केंद्रामागे सरासरी ७६ मतं. दिवसभराची सरासरी काढली तर ६ कोटी ४० लाख मतं अकरा तासांत, म्हणजे केंद्रामागे तासाला ५८ मतं पडतात. पाचनंतरच्या तास-दीड तासात ७६ मतं पडणं अशक्य नाही. तरी ही सरासरी आहे हे विसरू नका. सरासरीने राज्यभराची शंका सौम्य होते, पण तुमच्या केंद्र क्रमांक २१४ वर काय झालं ते तिच्यातून कळत नाही. ते कळतं केंद्राध्यक्षाच्या दैनंदिनीतून, कारण तिथे दर दोन तासांचं मतदान आणि शेवटी वाटलेल्या चिठ्ठ्यांची संख्या लिहायची असते. शिवाय यंत्रावर मतदान सुरू आणि बंद झाल्याची वेळही दिसते. पाचनंतर तीनशे मतं पडल्याचं दिसणाऱ्या केंद्रावर चिठ्ठ्या वीसच वाटल्या असतील, तर तो प्रश्न विचारण्याजोगा आहे. राज्याच्या टक्केवारीवरून असा नेमका प्रश्न तयारच होत नाही.

दुसरा गोंधळ म्हणजे मतदानापेक्षा मोजणी जास्त भरणं. राज्यात यंत्रांवर पडलेली मतं ६,४०,८८,१९५ आणि मोजलेली ६,४५,९२,५०८ अशी मांडणी झाली होती. पाच लाख चार हजारांचा हा फरक कुठून आला, यावर बराच गदारोळ झाला. पण यंत्रांच्या आकड्यात टपाली मतं धरलेली नसतात आणि मोजलेल्या आकड्यात ती असतात. वैध टपाली मतं ५,३८,२२५ होती. म्हणजे खरा फरक उलट्या दिशेचा आहे : पडलेल्यांपेक्षा सुमारे ३४ हजार मतं कमी मोजली गेली. आष्टी मतदारसंघाचं उदाहरण घ्या. तिथे मोजणी ४,५३८ ने जास्त दिसत होती. टपाली मतं ५,०१३ होती आणि यंत्रांवरची ४७५ मतं नियमानुसार मोजली गेली नव्हती. ५,०१३ वजा ४७५, बरोबर ४,५३८. तुमच्या मतदारसंघाचाही हिशेब याच पद्धतीने करून पाहा. फॉर्म २० च्या शेवटी यंत्रावरची मतं, टपाली मतं आणि एकूण अशा तीन ओळी असतात. तुलना करायची ती फक्त पहिल्या ओळीशी.

ती ४७५ मतं का मोजली गेली नाहीत, हेही नीट समजून घ्या, कारण अकराशेच्या फरकात हा नियम तुमच्या कामाचा आहे. सकाळी मतदानाआधी किमान ५० मतांचं मॉक पोल, म्हणजे यंत्र तपासण्यासाठीचं नकली मतदान, होतं. ते संपल्यावर क्लोज, रिझल्ट, क्लिअर या क्रमाने बटणं दाबून यंत्र शून्यावर आणायचं असतं, आणि व्हीव्हीपॅटमधल्या (मत कोणाला गेलं याची चिठ्ठी छापणाऱ्या जोडयंत्रातल्या) मॉकच्या चिठ्ठ्या काढून, मागे शिक्का मारून, काळ्या लिफाफ्यात सीलबंद करायच्या असतात. घाईत क्लिअर दाबायचं राहिलं तर मॉकची मतं खऱ्या मतांत मिसळतात. किंवा १७-सीत एकूण मतं चुकीची लिहिली जातात. अशा केंद्राचं कंट्रोल युनिट, म्हणजे यंत्राचा मतं साठवणारा भाग, मोजणीच्या दिवशी बाजूला ठेवतात. सगळ्या फेऱ्या संपल्यावर पाहतात : बाजूला ठेवलेल्या यंत्रांतली एकूण मतं विजयाच्या फरकापेक्षा कमी असतील तर ती मोजतच नाहीत, कारण निकाल बदलत नाही. फरक त्यांच्याएवढा किंवा त्यांच्यापेक्षा कमी असेल तर त्या केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजतात. तुमच्या फॉर्म २० मध्ये एखाद्या केंद्रासमोर सगळे शून्य दिसत असतील तर बहुधा हेच झालेलं असतं. अशा सगळ्या केंद्रांची मतं १७-सीवरून बेरजा. बेरीज अकराशेच्या वर जात असेल तर ती मोजायला हवी होती. हा ठोस मुद्दा झाला.

आता १७-सीचा कागद जवळून पाहू. निवडणूक संचालन नियमांतल्या (पुढचे नियमही त्यातलेच) नियम ४९-एस प्रमाणे मतदान संपल्यावर केंद्राध्यक्षाने हा हिशेब तयार करायचा आणि हजर असलेल्या प्रत्येक पोलिंग एजंटाला त्याची खरी प्रत पोच घेऊन द्यायची. भाग एकमध्ये वर कंट्रोल युनिट, बॅलट युनिट (मतदार बटण दाबतो तो भाग) आणि व्हीव्हीपॅट यांचे क्रमांक असतात. मग केंद्राला जोडलेले मतदार, नोंदवहीत म्हणजे १७-ए मध्ये नोंद झालेले मतदार, सही करून मत न देता गेलेले, गुप्तता मोडल्यामुळे मत देऊ न दिलेले, चाचणी मतं, यंत्रातली एकूण मतं, प्रदत्त मतं (आपल्या नावावर आधीच कोणी मत दिल्यावर खऱ्या मतदाराने कागदी मतपत्रिकेवर दिलेली) आणि शेवटी कागदी सीलचा हिशेब.

काल्पनिक उदाहरण घेऊ. नोंदवहीत ७४२ नोंदी आहेत. दोघे सही करून मत न देताच गेले, एकाला मत देऊ दिलं नाही. मग यंत्रात ७३९ मतं हवीत. त्या दिवशी एका मतदाराने तक्रार केली की चिठ्ठीवर भलताच उमेदवार दिसला. त्याच्याकडून लेखी निवेदन घेतात, नोंदवहीत त्याची दुसऱ्यांदा नोंद करतात (ती ७४२ मध्ये धरलेली आहे) आणि केंद्राध्यक्ष व एजंटांसमोर त्याला एक चाचणी मत द्यायला लावतात. चिठ्ठी बरोबर निघाली तर ते चाचणी मत यंत्रात राहतं, पण मोजताना वजा करायचं असतं. म्हणून यंत्र ७३९ दाखवतं आणि फॉर्म २० मध्ये ७३८ येतात. ही एका मताची तफावत कागदाने समजावलेली आहे. अशा ओळी तुमच्या यादीत बऱ्याच निघतील, त्यांच्यामागे वेळ घालवू नका.

१७-सीबाबत नेहमी चुकतं ते असं. पोलिंग एजंट साडेपाचलाच निघून जातो, मग प्रत मिळतच नाही, कारण नियम हजर असणाऱ्याला प्रत द्यायला सांगतो. कार्बनची तिसरी-चौथी प्रत इतकी फिकट असते की ३ आणि ८ कळत नाहीत. केंद्राध्यक्ष यंत्राचा टोटल न पाहता नोंदवहीवरून एकूण मतं लिहून टाकतो. आणि सर्वांत जास्त घोळ होतो तो दुपारी यंत्र बदललेल्या केंद्रांवर. कंट्रोल युनिट किंवा बॅलट युनिट बंद पडलं तर अख्खा संच बदलतात, नुसतं व्हीव्हीपॅट बिघडलं तर तेवढंच बदलतात. संच बदलला की त्या केंद्राची मतं दोन कंट्रोल युनिटांत विभागली जातात. एजंटाकडे एकाच यंत्राची नोंद असेल तर संध्याकाळी त्याला दोनशे-तीनशे मतं वाढल्यासारखी वाटतात. म्हणून एजंटाला एक सवय लावाच : क्लोजचं बटण दाबलं जाताना त्याने यंत्रासमोर उभं राहायचं, पडद्यावरचा टोटल स्वतःच्या वहीत लिहायचा, आणि मगच १७-सीची प्रत वाचून घ्यायची. यंत्र बदललं असेल तर दोन्ही युनिटांचे क्रमांक आणि दोन्ही टोटल लिहायचे.

हातात कागद असतील तर तक्ता असा करा. केंद्र क्रमांक, १७-सीतली यंत्राची एकूण मतं, चाचणी मतं, या दोहोंची वजाबाकी, फॉर्म २० मधली त्या केंद्राची एकूण मतं आणि फरक. फॉर्म २० मधली एकूण म्हणजे नोटा धरून. उमेदवारांचीच बेरीज घेऊन नोटा विसरल्यामुळे प्रत्येक ओळीत पाच-दहा मतं कमी दिसतात, आणि लोक त्यावरून पत्रकार परिषदा घेतात. दुसरी अडचण सहायक केंद्रांची. २०२४ मध्ये एका केंद्रावर साधारण दीड हजारांपर्यंत मतदार धरले होते. त्याहून जास्त झाले की ११२ च्या पुढे ११२-अ असं केंद्र तयार होतं. तुमच्या यादीत ते नसेल तर तिथून खालच्या सगळ्या ओळी एकाने सरकतात आणि दोनशे केंद्रं 'जुळत नाहीत'. तपासायला बसताना आधी पहिली, मधली आणि शेवटची ओळ केंद्राच्या नावानिशी लावून पाहा.

फरक निघालेल्या ओळींची बेरीज करा आणि ती विजयाच्या फरकाशी ताडून पाहा. हा नियम मी सगळ्यांना आधी सांगतो, कारण लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १०० खाली चुकीची मोजणी दाखवून भागत नाही, तिचा निकालावर परिणाम झाला हेही दाखवावं लागतं. अकराशेच्या फरकात चाळीस मतांचा घोळ खरा असला तरी त्यावर निवडणूक रद्द होत नाही. तो लेखी नोंदवा जरूर, पण त्यावर आशा बांधू नका.

आता व्हीव्हीपॅट. सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०१९ च्या आदेशानुसार विधानसभेच्या प्रत्येक मतदारसंघात चिठ्ठी टाकून पाच केंद्रं निवडतात आणि त्यांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजून यंत्राशी ताडतात. २०२४ मध्ये राज्यात २८८ गुणिले ५ म्हणजे १,४४० केंद्रांची अशी मोजणी झाली आणि तफावत नसल्याचं मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी जाहीर केलं. या तपासणीची ताकद कुठे आहे आणि कुठे नाही, हे दोन्ही बाजू सोयीने विसरतात. राज्यातली एक टक्का यंत्रं जरी गडबडलेली असती, तरी १,४४० च्या निवडीत एकही न सापडण्याची शक्यता दहा लाखांत एकापेक्षा कमी आहे. म्हणून राज्यभर पसरलेल्या फेरफाराविरुद्ध हा पुरावा भक्कम आहे. पण एकाच मतदारसंघातल्या साडेतीनशेपैकी सात केंद्रांवर काही झालं असेल, तर पाचांच्या निवडीत त्यातलं एखादं सापडण्याची शक्यता जेमतेम दहा टक्के. तुमच्या एका मतदारसंघासाठी ही पाच केंद्रं फार काही सांगत नाहीत.

त्यासाठी नियम ५६-डी आहे आणि तो फारच थोडे उमेदवार वापरतात. फॉर्म २० मधले आकडे जाहीर झाले की त्यावर सही होण्याआधी उमेदवार, त्याचा निवडणूक प्रतिनिधी किंवा मतमोजणी प्रतिनिधी लेखी अर्ज करून ठरावीक केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजायला सांगू शकतो. निवडणूक निर्णय अधिकारी तो पूर्ण किंवा अंशतः मान्य करतो, नाहीतर नाकारतो, आणि कारणं लेखी देतो. चिठ्ठ्या आणि यंत्र यांत फरक निघाला तर चिठ्ठ्यांचा आकडा धरून फॉर्म २० दुरुस्त करतात. अधिकारी ज्या गोष्टी पाहतो त्यात एक अशी असते की त्या केंद्राची मतं विजयाच्या फरकापेक्षा जास्त आहेत की कमी. म्हणून फरक अकराशेचा असताना सातशे मतांच्या एका केंद्रासाठी केलेला अर्ज कमजोर पडतो. दोन-तीन केंद्रं अशी निवडा की त्यांची बेरीज फरकाच्या वर जाईल, आणि प्रत्येकासमोर कारण लिहा : १७-सीत इतकं, यंत्रात इतकं, युनिटचा क्रमांक वेगळा, सील तुटलेलं. 'आमच्या बालेकिल्ल्यात कमी मतं पडली' हे कारण टिकत नाही, आणि मोजणीच्या दिवशी यंत्राची बॅटरी ९९ टक्के दिसली हेही टिकत नाही.

माळशिरस मतदारसंघातल्या मारकडवाडीचं प्रकरण तुम्हाला आठवत असेल. गावात भाजपचे राम सातपुते यांना १,००३ आणि राष्ट्रवादी शरद पवार गटाचे उत्तम जानकर यांना ८४३ मतं पडली. गावकऱ्यांना ते पटलं नाही आणि ३ डिसेंबर २०२४ ला त्यांनी मतपत्रिकेवर स्वतः फेरमतदान घ्यायचं ठरवलं. प्रशासनाने ते होऊ दिलं नाही. गावाची तळमळ समजते, पण ते मतदान झालं असतं तरी त्यातून काही सिद्ध झालं नसतं. कोणी मत दिलं याची अधिकृत नोंद नाही, गुप्ततेची हमी नाही, आणि निकालानंतर माणूस तेच मत देईल असंही नाही. त्या शंकेचं उत्तर सीलबंद व्हीव्हीपॅटच्या पेटीत होतं, आणि ती उघडायला लावायची वेळ मोजणीच्या दुपारची, २३ नोव्हेंबरची होती. त्यातली अडचणही पाहा. जानकर मतदारसंघात तेरा हजारांच्या वर मतांनी निवडून आले होते. जिंकणारा चिठ्ठ्या मोजायला सांगत नाही आणि एका गावाच्या मतांनी तेरा हजारांचा निकाल हलत नाही. केवळ गावाच्या समाधानासाठी चिठ्ठ्या मोजायची सोय आपल्या नियमांत नाही. माझ्या मते ती असायला हवी.

अकराशेचा फरक म्हटल्यावर टपाली मतांकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. ५,३८,२२५ भागिले २८८ म्हणजे मतदारसंघामागे सरासरी १,८६० च्या वर वैध टपाली मतं. २०२४ मध्ये मालेगाव मध्यचा निकाल १६२ मतांनी लागला, साकोलीत नाना पटोले २०८ मतांनी आले, बेलापूर ३७७ मतांवर ठरलं. त्याच वर्षी लोकसभेला मुंबई उत्तर-पश्चिममध्ये तर फरक ४८ मतांचा होता. अशा ठिकाणी निकाल टपाली टेबलावर फिरू शकतो, आणि पक्ष त्या टेबलावर सर्वांत नवखा माणूस बसवतात. टपाली मत बाद होण्याची कारणं ठरलेली आहेत : १३-ए घोषणापत्र नसणं, त्यावर सही किंवा साक्षांकन नसणं, घोषणापत्रावरचा मतपत्रिकेचा क्रमांक आतल्या १३-बी लिफाफ्यावरच्या क्रमांकाशी न जुळणं, दोघांना खूण, ओळख पटेल अशी खूण. घोषणापत्रात दोष असेल तर आतला लिफाफा उघडतच नाहीत. तुमच्या माणसाने प्रत्येक बाद मताचं कारण आणि संख्या लिहीत जायचं. बाद टपाली मतं विजयाच्या फरकापेक्षा जास्त असतील, तर निकाल जाहीर करण्याआधी ती सगळी पुन्हा तपासायची असतात. हे निवडणूक आयोगाचंच सांगणं आहे, आणि तुमच्याकडे आकडा नसेल तर तुम्ही ते मागणार कसं? सप्टेंबर २०२५ पासून आणखी एक चांगली गोष्ट झाली आहे : टपाली मोजणी पूर्ण झाल्याशिवाय यंत्रांची शेवटून दुसरी फेरी सुरू करायची नाही.

मोजणीच्या दिवसाची तयारी आदल्या रात्री करून भागत नाही. मतमोजणी प्रतिनिधींची यादी फोटोंसह तीन दिवस आधी संध्याकाळी पाचपर्यंत द्यावी लागते, नेमणूक फॉर्म १८ वर. टेबलं साधारण चौदा, शिवाय निवडणूक निर्णय अधिकाऱ्याचं आणि टपालीची. सगळीकडे माणूस हवा. साडेतीनशे केंद्रं भागिले चौदा म्हणजे पंचवीस फेऱ्या. पहिल्या टेबलावर पहिल्या फेरीत केंद्र १, दुसऱ्या फेरीत १५, तिसऱ्या फेरीत २९. सहायक केंद्र मध्ये आलं की हा क्रम सरकतो, म्हणून फेरीनिहाय तक्ता कार्यालयातूनच मागून घ्या. आत मोबाइल चालत नाही, फोटोतला १७-सी कामाचा नाही. प्रत्येक टेबलासाठी त्या टेबलावर येणाऱ्या पंचवीस केंद्रांच्या छापील प्रती फेरीच्या क्रमाने टाचून द्या.

टेबलावर पाहायचा क्रम असा : पेटीचं सील आणि त्याची पट्टी, कंट्रोल युनिटचा क्रमांक, आतल्या कागदी सीलचा क्रमांक, टोटल, आणि मग रिझल्ट. क्रमांक किंवा टोटल तुमच्या प्रतीशी जुळला नाही तर रिझल्टचं बटण दाबण्याआधी हात वर करा आणि लेखी हरकत द्या. एकदा रिझल्ट वाचून झाला, १७-सीच्या भाग दोनवर तुमच्या माणसाने सही केली आणि दुपारी त्याला आठवलं की क्रमांक वेगळा होता, तर ती सही पुढे तुमच्याच विरोधात वापरली जाते. आकडे लिहून घेण्याच्या नादात सगळे रिझल्टकडेच डोळे लावून बसतात. खरी तपासणी त्याच्या आधीच्या दोन मिनिटांत असते.

सगळ्या फेऱ्या संपल्या की बेरीज जाहीर होते. त्यानंतर फेरमोजणीचा अर्ज देण्यासाठी पुरेसा अवसर द्यायचा असतो, हे नियम ६३ मध्ये आहे. पण फॉर्म २० वर सही झाली की फेरमोजणीचा अर्ज घेत नाहीत. ती वेळ काही मिनिटांची असते आणि बाहेर गुलाल सुरू झालेला असतो. म्हणून फेरमोजणीचा आणि ५६-डीचा, दोन्ही अर्ज आधीच टाइप करून उमेदवाराच्या सहीसह निवडणूक प्रतिनिधीच्या खिशात ठेवा. केंद्र क्रमांकांची आणि कारणांची जागा मोकळी सोडा. अर्ज नाकारला तर कारणांची प्रत मागा.

निकालानंतरच्या वाटा आणि त्यांच्या मुदती कडक आहेत. एप्रिल २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाचा उमेदवार निकालापासून सात दिवसांत पाच टक्क्यांपर्यंत यंत्रांच्या मायक्रोकंट्रोलरची (आतल्या प्रोग्रॅम असलेल्या चिपची) तपासणी मागू शकतो, खर्च त्याचाच. २०२४ मध्ये एका संचाला करासह ४७,२०० रुपये भरावे लागत होते. सतरा संच म्हणजे आठ लाखांच्या वर. यंत्रात फेरफार आढळला तर पैसे परत. निवडणूक याचिका उच्च न्यायालयात ४५ दिवसांत, अनामत दोन हजार रुपये. उशीर माफ होत नाही. २३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालासाठी ती मुदत ७ जानेवारी २०२५ ला संपली. याचिकेत केंद्रनिहाय तपशील लागतो. 'मोठ्या प्रमाणावर गैरप्रकार' एवढंच लिहिलं तर न्यायालय फेरमोजणीचा आदेश देत नाही. डिसेंबर २०२४ च्या नियमदुरुस्तीनंतर मतदान केंद्रांचं चित्रीकरण पाहायला मिळणंही अवघड झालं आहे, आणि मे २०२५ च्या सूचनेप्रमाणे याचिका नसेल तर ते ४५ दिवसांनंतर ठेवतही नाहीत. हा बदल मला पटलेला नाही. शंका दूर करणारा पुरावा जितका लवकर नाहीसा होतो तितकी शंका जास्त दिवस टिकते.

तेव्हा तुमच्या बाबतीत आता करण्यासारखं काय? निकाल बदलण्याच्या वाटा बंद झाल्या आहेत, हे कार्यकर्त्यांना स्पष्ट सांगा. पण तक्ता पूर्ण कराच. ज्या केंद्रांच्या १७-सी प्रती मिळाल्याच नाहीत, त्यांची यादी काढा आणि तिथे एजंट होता का, किती वाजता निघाला, हे नावानिशी लिहा. बहुतेक ठिकाणी असं दिसतं की प्रती नसलेली केंद्रं विखुरलेली नसतात, दोन-चार गावांत किंवा शहराच्या एखाद्या पट्ट्यात साचलेली असतात. तिथे सकाळच्या मॉक पोलपासून क्लोजच्या बटणापर्यंत बसतील अशी दोन-दोन माणसं आजपासूनच ठरवा, एक जेवायला गेला तर दुसरा असेल असे. शक्यतो त्याच भागातला मतदार घ्या, म्हणजे बोगस मतावर तो तिथल्या तिथे हरकत घेऊ शकेल. आणि हे सगळं महापालिका किंवा जिल्हा परिषदेला जसंच्या तसं लावू नका. त्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, नियम वेगळे आहेत आणि तिथे व्हीव्हीपॅट नसतं. त्यामुळे क्लोजनंतरचा टोटल लिहून घेणं तिथे आणखी महत्त्वाचं ठरतं.